लॅथकिलचं पाणी जातं कुठं

सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाच्या डोक्यात दगडाचा रंग काळाच असतो. विहिरीचं बांधकाम काळं, देवळापुढची दीपमाळ काळी, गडाचे बुरूज काळे, आणि पावसात भिजला की तोच कातळ आणखी काळाभोर. लग्नानंतर शेफिल्डला राहायला आले आणि सुट्टीच्या दिवशी नकाशा घेऊन डर्बीशरच्या टेकड्यांत भटकायला लागले, तेव्हा आधी डोळ्यांत भरला तो तिथला पांढरेपणा. गडगे पांढरे, गोठे पांढरे, चर्चच्या भिंती पांढरट राखाडी, हिरव्या कुरणातून मध्येच डोकं काढणारे धोंडेही पांढरे. आपल्याकडे चुनखडी म्हटलं की चंद्रपूरकडचे सिमेंटचे कारखाने आठवतात. चुनखडीतून हिंडायला लोक मुद्दाम जातात, हेच मला नवीन होतं.

पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1951 सालचं. त्याचे सरळसरळ दोन भाग आहेत. उत्तरेला वालुकाश्माचा, पठारी, दलदलीचा डार्क पीक. दक्षिणेला चुनखडीचा व्हाइट पीक. कस असलेले ट्रेकर उत्तरेकडे जातात. वारा, धुकं, चिखल आणि होकायंत्र ही त्यांची आवड. दक्षिणेकडे तुलनेने सौम्य मंडळी दिसतात: पेन्शनर, कुत्री, शाळेच्या सहली, आणि माझ्यासारखे लोक. पण डार्क पीकमध्ये जे आहे ते सगळं समोर दिसतं. व्हाइट पीकमध्ये निम्मं जमिनीखाली आहे, आणि मला त्या खालच्या निम्म्याचंच वेड लागलं. त्यातही लॅथकिल नावाच्या एका नदीचं.

म्हणजे असं, की इथं पाणी सापडत नाही. इंग्लंडात पाणी सापडत नाही असं म्हटल्यावर कुणीही हसेल. पाऊस तर बाराही महिने पडतो. पण चुनखडीवर पडलेला पाऊस वर थांबतच नाही. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पावसाचं पाणी किंचित आंबट होतं, तेवढ्या आंबटपणाने चुनखडी विरघळते, फटी रुंदावत जातात आणि पाणी खालच्या खाली पसार होतं. आपल्या बेसॉल्टात टाकं खोदलं की ते शेकडो वर्षं पाणी धरतं. गडांवर आपण ते ओंजळीने प्यायलेलो आहोत. इथल्या दगडात तसं टाकं खोदून कुणी गड वसवला असता तर शिबंदी पहिल्याच उन्हाळ्यात खाली उतरली असती.

म्हणून इथल्या पठारावर गाव कुठं बसलंय हे बघितलं, की जमिनीखाली काय आहे त्याचा अंदाज येतो. मॉनीॲश हे त्यातलंच एक गाव, बेकवेलच्या पश्चिमेला. मधोमध हिरवळ, हिरवळीला लागून 'बुल्स हेड' नावाचा पब, शेजारी चहाचं दुकान, थोडं आत सेंट लिओनार्डचं चर्च. वस्ती जेमतेम काहीशे माणसांची. पण एके काळी या गावाचा दबदबा होता. 1340 साली इथं बाजार भरवायची राजाज्ञा मिळाली होती आणि शिसं काढणाऱ्या खाणकामगारांचं न्यायालयही इथं भरायचं. एवढं सगळं या उघड्या माळावर का? तर गावाखाली चिकणमातीचा एक थर आहे आणि त्या थरावर पाणी साचतं. गावात अशी पाच तळी होती. त्यातलं फिअर मिअर तेवढं आज उरलंय. आज त्याच्या काठाला बाक आहे आणि पाण्यात बदकं. पण हे गावचं पिण्याचं पाणी होतं आणि याच्या जिवावर ते उभं राहिलं, हे माहीत असलं की त्या तळ्याकडे बघायची नजर बदलते.

मॉनीॲशहून निघणाऱ्या वाटा पुष्कळ आहेत. 'लाइमस्टोन वे' ही कॅसलटनपासून निघणारी लांब वाट गावातूनच जाते. पण मी पुन्हा पुन्हा जाते ती लॅथकिल डेलने, म्हणजे लॅथकिलच्या दरीने, पूर्वेकडे, ओव्हर हॅडन गावापर्यंत. चारेक मैलांची वाट, चढ जवळजवळ नाहीच. आपल्याकडच्या गड चढणाऱ्यांना हा ट्रेक वाटणारच नाही.

गाव सोडल्यावर बेकवेलच्या रस्त्यालगत एक फाटक लागतं. आत शिरलं की दरी म्हणावं असं काहीच नाही. रुंद, उथळ, गवताळ खोलगट जागा. मेंढ्या चरताहेत. दोन्ही बाजूंचा उतार इतका हलका, की हे पाण्याने कोरलंय असं वाटतही नाही. आणि पाणी तर कुठंच नाही. ना ओढा, ना ओल. पुढे दरी अरुंद होते, कडे उभे राहतात आणि तरी पाण्याचा पत्ता नाही. अशा कोरड्या दऱ्या व्हाइट पीकमध्ये जागोजाग आहेत. मग त्या कोरल्या कुणी? हिमयुगात इथली जमीन खोलवर गोठली होती. फटींमध्ये बर्फ बसल्यामुळे खाली जायच्या वाटा बंद झाल्या होत्या, त्यामुळे उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाचं पाणी नाइलाजाने वरूनच वाहायचं आणि खडक कापत जायचं. हवा ऊबदार झाली, जमीन सुटली, फटी मोकळ्या झाल्या आणि पाणी खाली गेलं. नदी गेली, तिची दरी तेवढी राहिली.

ही दरी अरुंद होते तिथं, डाव्या हाताला, रिक्लो नावाची जुनी खाण आहे. इथला दगड घासला की चमकायचा, म्हणून संगमरवराच्या नावाखाली तो खपायचा. चुली-शेकोट्यांच्या चौकटींना, टेबलांना लागायचा. खरं म्हणजे तो संगमरवर नाही, जीवाश्मांनी गच्च भरलेली चुनखडीच आहे. खाणीतून टाकलेल्या धोंड्यांची रास थेट वाटेवर आली आहे. त्या धोंड्यांवरून इतके बूट गेलेत की ते गुळगुळीत झालेत, आणि ओले असले की पाय टिकत नाही. लोक इथं खाली बघून चालतात ते घसरायच्या भीतीने. बघण्यासारखंही खालीच आहे. घासल्या गेलेल्या दगडात वाटाण्याएवढ्या गोल चकत्या दिसतात, मधोमध भोक असलेल्या. काही ठिकाणी अशा चकत्या एकावर एक रचून बोटभर लांबीच्या दांड्या झालेल्या असतात, उभ्या कापल्या गेल्या तर मळसूत्रासारख्या दिसणाऱ्या. हे क्रायनॉइड. दिसायला झाड, पण प्राणी. समुद्राच्या तळाला देठ रोवून उभा राहणारा. साधारण 33 कोटी वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख विषुववृत्ताजवळ होता आणि त्यावर उथळ, कोमट, स्वच्छ समुद्र होता. क्रायनॉइड, शिंपले, प्रवाळ मरत गेले, त्यांचा चुना तळाशी साठत गेला आणि त्याचा शेकडो मीटर जाडीचा खडक झाला. ज्या धोंड्यावर बूट ठेवून मी तोल सावरत असते, तो अख्खा धोंडा मेलेल्या प्राण्यांचा आहे. इथल्या गडग्यांतले, गोठ्यांतले, थडग्यांवरचेही दगड तेच.

धोंडे ओलांडून थोडं पुढे गेलं की उजव्या अंगाला एक गुहा लागते. लॅथकिल नदीचा उगम म्हणून नकाशावर हीच दाखवतात. फेब्रुवारीत, सलग पाऊस झाल्यावर गेलात तर त्या तोंडातून अख्खी नदी धाडकन बाहेर पडत असते. आधी एक ओहोळ, मग झरा, मग नदी असला क्रम नाही. एका जागी काही नाही आणि दुसऱ्या जागी गुडघाभर पाणी. ऑगस्टमध्ये त्याच गुहेत वाकून शिरता येतं आणि आत कोरडे दगड असतात. पात्रात शेवाळाची वाळलेली कातडी, त्यातून वर आलेलं गवत. मग प्रश्न पडतो, आज नदी कुठून सुरू होणार? उन्हाळा जसा तापतो तसा उगम खाली सरकत जातो. कधी तो केल्स डेलचं खोरं येऊन मिळतं तिथं असतो, कधी त्याच्याही खाली. नदीचा उगम ठरलेला असतो असं आपण भूगोलात शिकतो. या नदीला ते कुणी सांगितलेलं नाही.

जिथं पाणी आहे तिथं मात्र ते बघत राहावं असं आहे. चार्ल्स कॉटन नावाच्या सतराव्या शतकातल्या मासेमाराने लॅथकिलचं पाणी आपण पाहिलेल्यांत सगळ्यात नितळ, असं लिहून ठेवलंय, आणि साडेतीनशे वर्षांनीही त्यात खोट काढता येत नाही. खडकातून गाळून आलेलं पाणी, माती नावालाही नाही. तळाचा प्रत्येक खडा दिसतो, ट्राउट माशाची सावली आधी दिसते आणि मग मासा. मध्ये एका ठिकाणी छोटा धबधबा आहे. त्याची पायरी खडक झिजून झालेली नाही, उलट साचून झालेली आहे. पाण्यात विरघळलेला चुना उघड्या हवेत शेवाळावर बसत जातो आणि भोकाभोकांचा खडक तयार होतो. त्याला ट्यूफा म्हणतात. वरच्या पठारावर जो दगड पाण्याने नेला, तोच इथं त्याने पुन्हा ठेवलाय.

दरीच्या दोन बाजूंचा स्वभावही वेगळा आहे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन लागतं, माती बोटभर, गवत आखूड. तिथं मे महिन्यात पिवळे काउस्लिप आणि जांभळी ऑर्किड. समोरचा उतार सावलीत, ओला, झाडीचा. वरच्या अंगाला, धोंड्यांच्या आसपास, जून-जुलैत निळी फुलं येणारी जेकब्स लॅडर नावाची वनस्पती दिसते. ती ब्रिटनमध्ये आपोआप उगवते अशी ठिकाणं मोजकीच. मेंढ्यांना ती आवडते, म्हणून मध्ये तिला कुंपण घातलंय. मेंढ्यांची बाजूही मला पटते, पण असो.

आता खालच्या दरीत झाडी दाट होते आणि झाडीत अचानक दगडी खांब उभे दिसतात. नदीच्या दोन्ही काठांवर, वर काहीच न पेललेले. हे मँडेल नावाच्या शिशाच्या खाणीकडे पाणी नेणाऱ्या पाटाचे खांब. पलीकडून पाट यायचा आणि खाणीतलं भलंमोठं चाक फिरवायचा. या सगळ्या दऱ्या एके काळी शिशाच्या खाणींनी भरलेल्या होत्या. रोमन काळापासून शिसं निघत होतं. डर्बीशरच्या खाणकामगारांना एक अजब हक्क होता: चर्चचं आवार, बाग, फळझाडांची वाडी आणि रस्ता सोडून कुणाच्याही जमिनीत शिसं शोधायचा. मालकाची परवानगी लागायची नाही. सापडलं तर खाणन्यायालयात नोंद करायची आणि राजाचा वाटा द्यायचा. खनिज मोजायचं पितळी माप 1513 सालचं आहे, आणि ते न्यायालय आजही वर्षातून एकदा वर्क्सवर्थ गावात भरतं, जरी आता त्याच्यापुढे निवाड्याला फारसं काही येत नसलं तरी.

खाणवाल्यांचा शत्रू पाणी. वर ज्याच्यासाठी गावं तहानलेली, ते खाली खाणीत भरून बसायचं. पंप पुरेनात, तेव्हा त्यांनी बोगदे खणले. खाणीच्या तळापासून जवळच्या नदीपर्यंत हलक्या उताराचा बोगदा काढायचा आणि पाण्याला आपापलं वाहून जाऊ द्यायचं. अशा बोगद्याला इथं सफ म्हणतात. मँडेलचा सफ खणायला अठराव्या शतकाच्या शेवटाला सुरुवात झाली आणि वीसेक वर्षं तो चालला. छिन्नी, हातोडा, सुरुंगाची दारू. दिवसाला काही इंच. शेजारच्या लॅथकिल डेल खाणीने 1836 साली 52 फूट व्यासाचं पाणचक्र बसवलं. आणि एवढं करून दोन्ही खाणी तोट्यात गेल्या. लॅथकिल डेल 1842 साली बंद पडली, मँडेल 1851 साली.

या खाणींचा एक व्यवस्थापक, जेम्स बेटमन, दरीत घर बांधून राहत होता. त्याच्या घराचे अवशेष पुलापलीकडे झाडीत आहेत. आत एक लोखंडी शिडी थेट जमिनीत उतरते, कारण घरच मुळी खाणीच्या विहिरीवर बांधलेलं होतं. खाली पाणी उपसायचं नव्या धर्तीचं यंत्र होतं आणि वर बेटमनचा संसार. शिडीने उतरलं की एक हँडल आहे. ते फिरवलं की दिवा लागतो, फिरवायचं थांबलं की विझतो. तेवढ्या उजेडात विहीर दिसते. तिथं उभं राहिल्यावर माझ्या मनात खाणीचा विचार येत नाही, बेटमनच्या बायकोचा येतो. चुलीवर काही शिजत असताना पायाखाली चोवीस तास यंत्र धडधडतंय, आणि नवरा रोज सांगतोय की अजून थोडं खोल गेलो की शिसं लागेल.

खोल गेल्यावर त्यांना लागायचा तो टोडस्टोन. चुनखडीच्या थरांमध्ये मध्येच येणारा काळपट हिरवा दगड. शिशाची शिर त्याच्यात आली की बारीक व्हायची, नाहीतर संपायचीच, म्हणून खाणकामगार त्याच्या नावाने बोटं मोडायचे. हा टोडस्टोन म्हणजे बेसॉल्ट, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तो कोमट समुद्र भरलेला असताना मधूनमधून ज्वालामुखी फुटत होते आणि त्यांचा लाव्हा चुन्यावर पसरत होता. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा त्याच्या पाचपट जुना. भूगर्भशास्त्रज्ञांनी इथल्या एका लाव्हाला दरीच्या खालच्या टोकाच्या काँक्सबरी पुलाचं नाव दिलंय. म्हणजे माझा काळा दगड इथंही होता, फक्त पांढऱ्याच्या पोटात. आणि त्याने इथं तेच काम केलंय जे तो आपल्याकडे करतो. तो पाणी खाली जाऊ देत नाही. झिजून त्याची चिकणमाती होते आणि तीही पाणी धरते. व्हाइट पीकमधले कितीतरी झरे नेमके अशा थरांवर फुटतात.

त्याच टोडस्टोनने ओव्हर हॅडनला 1854 साली एकदा वेडही लावलं. दगडात सोनं चमकतंय अशी हूल उठली, कंपनी निघाली, शेअर चढले. चमकत होतं ते लोहमाक्षिक. कंपनी बसली.

आई जून महिन्यात आली होती तेव्हा तिला मी या खालच्या टप्प्याने नेलं, ओव्हर हॅडनहून काँक्सबरी पुलावरून यूलग्रेव्हपर्यंत. मेढ्याजवळच्या गावात तिचं आयुष्य गेलं, शेतीत. गुडघे दुखतात, पण चालायला कुरकुर नाही. वाट एका कुरणात शिरली आणि ती फाटकाशीच थांबली.

"अगं, हे रान कुणाचं?"

"कुणाचं तरी असेल. त्या गोठ्यावाल्याचं बहुतेक."

"मग विचारलंस का त्याला?"

"विचारावं लागत नाही आई. वाट सगळ्यांची आहे."

"त्याच्या रानातून?"

तिला हे काही केल्या पटेना. मी नकाशा उघडून हिरव्या तुटक रेघा दाखवल्या. इंग्लंड-वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा सुमारे 2,25,000 किलोमीटर आहेत. 1949 च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला त्यांचा नकाशा करायला लावला. जमीन खाजगी, वाट सार्वजनिक. मालकाने वाट नांगरली तर ठरावीक मुदतीत ती पुन्हा मोकळी करून द्यायची. दुभत्या जातीचा, दहा महिन्यांवरचा वळू वाटेच्या कुरणात सोडायचा नाही. हे सगळं भांडून मिळालंय. 1932 साली इथूनच उत्तरेला, किंडर स्काउटच्या डोंगरावर, मँचेस्टरचे शेकडो गिरणी-कारखान्यांतले तरुण जमीनदाराच्या बंदीला न जुमानता चढले आणि त्यांच्यातल्या काही जणांनी तुरुंगवास भोगला. आईने ऐकून घेतलं. तिच्या माहेरी बांधावरून दोन पिढ्या कोर्टात गेल्या आहेत, त्यामुळे कायद्याने वाट मिळते यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला.

गडग्यावर मात्र ती खूश झाली. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. दोन बाजू रचायच्या, मध्ये बारीक खडी भरायची, मध्येमध्ये आरपार जाणारा लांब दगड टाकायचा आणि वर उभ्या दगडांची ओळ. माणसाला जायला दोन उभ्या शिळांमध्ये फट ठेवलेली असते, खाली अरुंद आणि वर थोडी रुंद. माणूस निघतो, मेंढी अडकते. आई त्यातून आडवी होऊन निघाली, मागे वळून तिने शिळेवर हात फिरवला आणि म्हणाली, "आपली रेडकं निघाली असती यातनं." आपली रेडकं कशातूनही निघतात.

यूलग्रेव्हला पोचलो तर गावात विहिरी सजवलेल्या होत्या. डर्बीशरची ही खास रीत. गावच्या पाणवठ्यांवर फुलांच्या पाकळ्यांची मोठमोठी चित्रं उभी करतात, आठवडाभर ठेवतात. लाकडी फळ्या आधी कित्येक दिवस पाण्यात भिजत घालायच्या. मग मीठ घालून मळलेली चिकणमाती त्यावर थापायची. कागदावर काढलेलं चित्र टोचून मातीवर उतरवायचं. कडा आल्डरच्या बारीक काळ्या बोंडांनी नाहीतर कॉफीच्या बियांनी आखायच्या आणि मग पाकळ्या लावायच्या, खालून वर, एकीवर एक, कौलं शाकारतात तशा, म्हणजे पाऊस आला तर ओघळून जातो. टिसिंग्टन गावची परंपरा यांतली सगळ्यात मानाची. तिथं कुणी 1349 च्या प्लेगचं कारण सांगतं, कुणी 1615 च्या दुष्काळाचं, जेव्हा आसपासचं सगळं आटलं आणि तिथल्या विहिरी वाहत राहिल्या.

यूलग्रेव्हची गोष्ट जास्त सरळ आहे. गाव उतारावर, नदी खाली. बायका पाण्यासाठी चढ-उतर करायच्या. 1829 साली बायकांच्याच एका मंडळाने पुढाकार घेऊन समोरच्या डोंगरातला झरा नळाने गावात आणला आणि भर चौकात दगडी गोल टाकी बांधली. ती अजून तशीच उभी आहे, तिला गावकरी कारंजं म्हणतात. पाणी भरायला वर्षाला सहा पेनी पडायचे. गावाची स्वतःची पाणी कंपनी आजही चालते. हे पाणी आलं म्हणून इथं विहिरी सजू लागल्या.

आई चित्रासमोर बराच वेळ उभी होती. बायबलमधली कुठलीशी कथा होती. त्यात तिला रस नव्हता. वाकून वाकून ती पाकळ्या ओळखत होती. "ही जास्वंदासारखी हाय बघ. हे काय, मोहरी?" मग म्हणाली, "आसरांचंच हाय हे." आमच्या विहिरीवर साती आसरा आहेत. शेंदूर लावलेले सात दगड. विहिरीला पाणी लागलं की त्यांना हिरवा खण, हिरव्या बांगड्या, नारळ. मी तिला चर्च, पाद्री, आशीर्वाद वगैरे समजावून सांगायला गेले, तर तिने हात झटकला. पाण्याला मान द्यायचा एवढंच तर आहे, त्यात पाद्री कशाला, असं तिचं म्हणणं. मला वाटतं गावातल्या जुन्या बायका तिच्याच बाजूने बोलल्या असत्या.

परत फिरताना नदीकाठी तिने विचारलं, "पण मग वरचं पाणी गेलं कुठं?" कोरडी दरी मी तिला फोनवर दाखवली होती. मी चुनखडी, फटी, भुयारं असं सांगितलं. शेतकरी बाईला असली उत्तरं पुरत नाहीत. गेलं म्हणजे कुठंतरी निघालं असणार.

निघालंच आहे. यूलग्रेव्हच्या खालून वाहणारी ब्रॅडफर्ड नदी 1881 साली एके दिवशी आपल्याच पात्रातल्या भोकातून जुन्या खाणीत शिरली आणि कित्येक मैल पलीकडे, डार्ली डेलला, हिलकार सफ नावाच्या बोगद्यातून बाहेर पडली. मधलं पात्र कोरडं ठणठणीत. ते भोक बुजवलं तेव्हा नदी जागेवर आली. लॅथकिलचं तसं एक भोक नाही. तिच्या खालच्या भागाचं पाणी मँडेलच्या बाजूचे जुने सफ ओढतात. वरच्या, मॉनीॲशकडच्या भागाचं बरंचसं पाणी उत्तरेकडे जातं, असं जाणकार मानतात, मॅगपाय खाणीच्या सफमधून. शेल्डन गावाजवळची ही खाण आज नुसती चिमणी आणि पडक्या भिंती आहे. 1833 साली इथं दोन खाणींच्या भांडणात, एकमेकांना हुसकवायला भुयारात पेटवलेल्या आगीच्या धुराने तीन माणसं गुदमरून मेली होती. तिचा सफ 1873 ते 1881 अशी आठ वर्षं खणला. मैलभराहून लांब. खाण 1950 च्या दशकात कायमची थांबली, सफ मात्र आपलं काम करतोच आहे.

तो बाहेर पडतो ते तोंड ॲशफर्ड गावाच्या वरच्या अंगाला, ग्रेट शॅकलो जंगलात आहे. वाय नदीच्या काठाने वाट जाते. आता या सगळ्या दऱ्यांतल्या जंगलात ॲशची झाडं मरताहेत. बुरशीचा रोग, 2012 मध्ये तो ब्रिटनच्या रानात सापडला आणि या दऱ्यांत झाडं म्हणजे मुख्यतः ॲशच. वाळक्या फांद्या डोक्यावर, जागोजाग तोडून ठेवलेले ओंडके, आणि मोकळ्या झालेल्या जागी नळ्यांमध्ये लावलेली लिंडन आणि एल्मची रोपं. त्यातून चालत गेलं की उजव्या बाजूला उताराच्या पायथ्याशी दगडी कमान दिसते. 1966 साली आत दरड कोसळून पाणी तुंबलं होतं आणि मग डोंगराचा एक तुकडा घेऊनच ते फुटलं. त्याची दगडमाती अजून समोर पडलेली आहे. कमानीतून पाणी येतं ते मोठ्या पाटाएवढं, संथ, काचेसारखं स्वच्छ, ऑगस्टमध्येही. पलीकडच्या दरीत त्याच दिवशी मासे उरलेल्या डबक्यांत अडकलेले असतात.

मी तिथूनच आईला व्हिडिओ कॉल केला. रेंज कशीबशी होती.

"हे बघ, इथं निघतं तुझं पाणी."

तिने नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "एवढं पाणी! मग बुजवून टाकायचं की ते भुयार. कोण अडवतंय?"

अडवणारे आहेत. सफ बुजवला तर मॅगपायची भुयारं पाण्याखाली जातील, आणि त्यांचा इतिहास जपणारी मंडळी गप्प बसणार नाहीत. वायचे मासे पकडणारे तर या थंड पाण्यावर पैसे मोजून गळ टाकतात. आणि दीडशे वर्षं एका बाजूने वाहिलेलं पाणी अडवलं तर ते लॅथकिललाच परत जाईल की आणखी कुठल्या भलत्या कुरणातून वर येईल, याची हमी कोण घेणार? माझं मत विचाराल तर वरच्या दरीला तिचं पाणी परत मिळावं, निदान थोडं. पण हे मी वरच्या पठारावरच्या शेतकऱ्याला किंवा ॲशफर्डच्या पबमध्ये बसलेल्या मासेमाराला सांगायला जाणार नाही.

"बांधाचं भांडण म्हण की," आई म्हणाली, आणि गॅसवर दूध आहे म्हणून तिने फोन ठेवला.